शेतावर मोकळी फिरणारी कोंबडी



सौंसर तहसिलीतील मोहगावसारख्या गावी एखाद्या शेतकऱ्याने चारचौघांत विचारावे, "संत्र्याच्या बगीच्यात पंधरावीस कोंबड्या मोकळ्या सोडाव्या म्हणतो, कोणत्या जातीच्या घेऊ?" म्हणजे सल्ल्यांना तोटा पडत नाही. एक म्हणतो, कडकनाथ घ्या, त्याला भाव आहे. दुसरा म्हणतो, वनराजा घ्या, तो अंगाने भरतो. तिसरा नुकताच नागपूरला जाऊन आलेला असतो आणि तेथे कोणाच्या तरी शेडमध्ये त्याने हजारो पांढऱ्या कोंबड्या पाहिलेल्या असतात. या बैठकीत गप्प असणारी एकच व्यक्ती असते. ती म्हणजे चूल सांभाळता सांभाळता चाळीस वर्षे कोंबड्या राखलेली घरातली आजी. तिला कोणी विचारीत नाही. आज मी जे सांगणार आहे, त्यातील बरेचसे ती सांगू शकली असती.

जातीचे नाव ठरविण्यापूर्वी कोंबडीला कोणते काम करावयाचे आहे, हे पाहिले पाहिजे. पिंजऱ्यातल्या कोंबडीचे काम एकच. पुढ्यातले खाद्य खाऊन अंडे देणे. तिचे पाणी, तिचा उजेड, तिची हवा, तिचे संरक्षण हे सारे माणूस पाहतो. अशा व्यवस्थेत व्हाइट लेगहॉर्नच्या वंशातील कोंबडी वर्षाला तीनशे अंडी देते, यात नवल नाही. शेतावर सोडलेल्या कोंबडीला मात्र सकाळी खुराडे उघडल्यापासून दिवेलागणीपर्यंत स्वतःचा संसार स्वतःच चालवावा लागतो. धुऱ्यावरचे गवताचे बी, पऱ्हाटीतल्या अळ्या, शेणखतातले किडे, वाळवी, खळ्यावर सांडलेली ज्वारी, हे तिने शोधावयाचे. वरून घार आणि खालून मुंगूस येते, त्यांच्यापासून तिने वाचावयाचे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो तेव्हा तिने सावली धरावयाची. आणि याउपर, तिने आपली पुढची पिढी आपणच उबवून वाढवावयाची.

हे शेवटचे काम मी मुद्दाम वेगळे सांगतो, कारण जातींच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख बहुधा नसतो.

गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, हा आकडा आपण एखाद्या दोषारोपासारखा ऐकत आलो आहोत. तो आकडा कसा बनतो, ते पाहू. कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते. त्यात सुमारे तीन आठवडे जातात. मग ती खुडूक होते. शरीरातील प्रोलॅक्टिन नावाचा स्राव वाढतो, अंडाशयाचे काम थांबते, आणि ती अंड्यांवर बसते. एकवीस दिवस ती उठते ती केवळ दाणापाण्यासाठी. पिल्ले निघाली की पुढे दोन-अडीच महिने ती त्यांना घेऊन हिंडते. काय खावे, काय खाऊ नये, घार दिसली की कोणत्या झुडपात शिरावे, हे शिकविते. म्हणजे एका फेरीला साडेतीन ते चार महिने लागले. वर्षात अशा तीन फेऱ्या, क्वचित चार. पन्नास-साठ अंडी झाली की नाही? म्हणजे ती कोंबडी आळशी नव्हे. वर्षातले तीन-चतुर्थांश दिवस ती दुसऱ्याच कामात असते, आणि ते काम आपण हिशेबात धरीत नाही. तेच काम यंत्राने करावयाचे झाले तर अंडी उबविण्याची पेटी, वीज, पिल्लांना ऊब देणारे दिवे आणि पहिल्या सहा आठवड्यांचे विकतचे खाद्य, इतका सरंजाम लागतो.

गंमत अशी की, खुडूक झालेली कोंबडी म्हणजे बिघडलेली कोंबडी असे आपल्याकडेही अनेक घरांतून मानतात. तिला पाण्यात बुडवितात, नाकात पीस अडकवितात, दोन दिवस डालीखाली कोंडून ठेवितात. अंड्यांचा लोभ असेल तर हे समजण्यासारखे आहे. परंतु कळप वाढवावयाचा असेल, तर जिचे खुडूकपण मोडावयाला आपण निघालो, तीच कोंबडी आपले खरे भांडवल होय.

आता कोंबडीच्या कुळाकडे वळतो. त्याचा एक धागा आपल्याच डोंगराशी जुळलेला आहे. घरगुती कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. त्याला माणसाने प्रथम आग्नेय आशियाच्या बाजूला माणसाळविले, असे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून दिसते. परंतु आपल्या कोंबडीचे पिवळे पाय तांबड्या रानकोंबड्याचे नव्हेत. पिवळ्या कातडीचा तो गुण दक्षिण भारतातील करड्या रानकोंबड्याकडून आला, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी 2008 साली दाखवून दिले. या दोन्ही रानकोंबड्यांच्या प्रदेशांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, त्या ठिकाणांत सातपुड्यातील पचमढीचा परिसर मोडतो. तेव्हा रानात स्वतःच्या बळावर जगण्याची विद्या या पाखराला नवी नाही. ती त्याने हरविली कोठे, हाच प्रश्न आहे.

ती हरविली माणसाच्या निवडीमुळे. अमेरिकेत 1948 साली 'उद्याची कोंबडी' शोधण्यासाठी मोठी राष्ट्रीय स्पर्धा झाली. भरघोस छातीची, लवकर वाढणारी कोंबडी कोण पैदा करतो, हे त्यात पाहिले गेले. त्या दिशेने चालता चालता आजचा ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत दोन किलो भरतो. इतके वजन इतक्या कोवळ्या पायांवर पेलणारे पाखरू धावत नाही. ते बसून राहते. त्याला धुऱ्यावर सोडणे म्हणजे मुंगसाला आमंत्रण देणे होय. आपल्याकडेही गेल्या शतकाच्या मध्यापासून खेडोपाडी ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प, व्हाइट लेगहॉर्न यांचे नर वाटण्यात आले आणि गावचे कोंबडे काढून टाकावेत, असा उपदेश झाला. हेतू वाईट नव्हता. संकरातून निघालेल्या तलंगांनी अधिक अंडी दिली, हेही खरे. परंतु पुढच्या पिढ्यांत अंडी घटू लागली, कोंबड्या अंड्यांवर नीट बसेनात, आणि गावचा मूळ कोंबडा तर आधीच विकला गेलेला होता. हा अनुभव विसरता येत नाही.

आता बैठकीतल्या सल्ल्यांचा एकेक करून विचार करू.

कडकनाथ हा आपल्या मध्य प्रदेशाचाच, झाबुआ, अलिराजपूर आणि धार या भिल्ल मुलखातला. काळे मांस, काळी हाडे, काळी जीभ. तेथील लोक त्याला कालामासी म्हणतात. झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पाखरू हलके आणि चपळ असते, उन्हाला टिकते, आणि रात्री झाडावर बसावयाला त्याला आवडते. शेतावर मोकळे सोडण्यास हे गुण उत्तम. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एक तर कडकनाथाची मादी अंड्यांवर बसण्यात कच्ची. झाबुआकडेही तिची अंडी बहुधा दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवितात. दुसरी गोष्ट भावाची. प्रसिद्धीमुळे किंमत चढते, आणि किंमत चढली की पिल्ले विकणाऱ्यांची चांदी होते. पाळणाऱ्यांची होतेच असे नाही. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला कडकनाथ पालनाच्या योजनेत फसलेल्या शेतकऱ्यांची कैफियत 2019 साली वर्तमानपत्रांतून आपण वाचलीच आहे. 'पिल्ले आम्ही देतो, अंडी आम्हीच घेतो' असे कोणी सांगितले, तर त्याची अंडी शेवटी खातो कोण, हे आधी विचारावे. खाणारे गिऱ्हाईक नागपूर-छिंदवाड्यात आपण स्वतः पाहिले असेल, तर कडकनाथ अवश्य पाळावा.

असील ही झुंजीची जात. उंच, ताठ, आखूड पिसांची. तुरा लहान, त्यामुळे चोचीने सहज फाटत नाही. हिची मादी अंडी अगदी थोडी देते, पण आई म्हणून तिला तोड नाही. मांजर आले तर ती पळत नाही, अंगावर जाते. नर मात्र एका आवारात दोन ठेवता येत नाहीत. कोंबड्यांच्या झुंजी लावणे 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण निसर्गतः ते आपसांत झुंजतात, त्याला कायदा काय करणार?

मग सुधारित जाती. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी वनराजा आणि ग्रामप्रिया हे वाण काढले. जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाने कडकनाथाच्या रक्ताचा अंश राखून नर्मदानिधि काढला. हे वाण बंदिस्त शेडसाठी नव्हेत, ही गोष्ट त्यांच्या बाजूची. वनराजाची निवड करताना पायाच्या नळीची लांबी मुद्दाम पाहिली गेली, कारण लांब पायांचे पाखरू शत्रूपासून पळू शकते. पिसे रंगीत ठेविली, कारण पांढरे पाखरू घारीला दुरून दिसते. मोकळ्यावर वनराजा वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देतो, ग्रामप्रिया दीडशेच्या वर. घरच्या पोरांना रोज अंडे मिळावे आणि उरलेली हाटात विकावी, एवढाच उद्देश असेल, तर आठ-दहा ग्रामप्रिया तलंगा पाळण्यास माझी काहीच हरकत नाही.

परंतु या कोंबड्या खुडूक होत नाहीत. तो गुण निवडीतूनच वगळलेला आहे. पहिले सहा आठवडे त्यांना आईऐवजी दिव्याची ऊब आणि विकतचे खाद्य लागते. शिवाय हे वाण संकराचे असल्यामुळे त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली उबविली, तरी निघणारी पिल्ले आईबापांसारखी निघत नाहीत. म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी पिल्लांसाठी पुन्हा केंद्राच्या दारी जाणे आले. केंद्र जवळ असेल आणि पिल्ले वेळेवर मिळत असतील, तोवर हे ठीक चालते. न मिळाली, तर खुराडे रिकामे राहते. गावरानाचे तसे नाही. मोहगावातल्या एखाद्या बाईचा कळप कुत्र्यांनी फस्त केला, तरी शेजारणीकडून एक खुडूक कोंबडी आणि दहा अंडी मिळाली की वर्षाच्या आत तिचा संसार पुन्हा उभा राहतो. या पैशावर घरच्या पुरुषाचा हात सहसा पडत नाही, ही गोष्टही लहान नव्हे. मुलांची वही, जत्रेची बांगडी, आजारपणातले औषध हे पुष्कळ घरी अंड्यांतूनच येते. देशाच्या 2019 च्या पशुगणनेत परसातील कोंबड्यांची संख्या सुमारे 31 कोटी 70 लाख भरली. 2012 च्या मानाने ती वाढ पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक होती. या वाढीमागे वाटलेल्या सुधारित पिल्लांचा वाटा आहेच, पण अशा लाखो घरांतल्या बायकांचे हातही आहेत.

बांगला देशात या प्रश्नाचा एक निराळा तोडगा निघाला. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि इजिप्तमधील फायूमी कोंबडी यांच्या संकरातून तेथे सोनाली नावाचे पाखरू तयार झाले. फायूमी ही नाईलकाठच्या उन्हात शतकानुशतके उकिरडे उकरून जगलेली कोंबडी. परका गुण घ्यावयाचा झाला, तर आपल्यासारख्याच उन्हातून घ्यावा, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे.

तेव्हा माझा सल्ला असा की, कळपाचा पाया गावरान कोंबड्यांचाच ठेवावा, आणि जात शोधावयाची ती आपल्या अंगणातच शोधावी. गावरान म्हणजे सगळ्या सारख्या, असे समजू नये. एकाच आवारात एक कोंबडी दहा पिल्ले काढून आठ मोठी करते, दुसरीची दहा निघतात आणि दोन उरतात. ही आठवाली कोण, हे आजीला तोंडपाठ असते. आपण तिच्या पायाला रंगीत सुताचा धागा बांधावा, आणि निघालेल्यांपैकी किती पिल्ले दोन महिन्यांची झाली, एवढे भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावे. पुढच्या रवणासाठी तिचीच अंडी घ्यावीत. सणाला कापावयाची झाली तर दुसरी कापावी. होते उलटेच, पाहुणा आला की अंगाने भरलेली, डोळ्यांत भरणारी कोंबडी आधी जाते, आणि किरकोळ तेवढ्या वंश वाढविण्यास मागे राहतात.

नर निवडताना असाच विवेक हवा. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुरे. तो आपल्याच कळपातला पिढ्यान् पिढ्या ठेवू नये. भाऊबहिणींचा संबंध वाढून अंडी गाळी जातात आणि पिल्ले अशक्त निघतात. दर वर्षा-दोन वर्षांनी शेजारच्या गावच्या चांगल्या कळपाशी अदलाबदल करावी. दाणे दिसले की स्वतः न खाता माद्यांना हाक मारणारा, घारीची सावली पडताच इशारा देणारा कोंबडा मिळाला, तर त्याचा रंग कोणता हे पाहू नये. उघड्या मानेची किंवा उलट्या पिसांची पाखरे काही गावांत अपशकुनी म्हणून लोक काढून टाकतात. वास्तविक कोंबडीला घाम येत नाही; उष्णता बाहेर जाते ती तुरा, गळा, उघडी कातडी आणि धापा यांतून. पिसे कमी म्हणजे अंग लवकर निवते. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उघड्या मानेच्या गुणावरच हितकारी हा वाण उभा केला. आपल्या उन्हाळ्यात अशी पाखरे हाताने घालवू नयेत.

उबवणीसाठी अंडी ताजी हवीत. थंडीत आठवड्याच्या आतली आणि उन्हाळ्यात चार दिवसांच्या आतली. ओल्या वाळूवर ठेविलेल्या टोपलीत ती निवांत राहतात. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. ऐन मे महिन्यात रवण बसवू नये. पिल्ले निघाली की पहिले तीन आठवडे त्यांना आईसह डालीखाली ठेवावे. घार आणि मुंगूस सर्वांत अधिक नेतात ती याच दिवसांत. बाहेर हिंडता येत नाही तोवर वाळवीचा उपयोग करावा. फुटक्या मडक्यात ओले शेण आणि काडीकचरा भरून ते संध्याकाळी वारुळाशी पालथे घातले की सकाळी वाळवीने भरते. पिल्लांना यापरते पौष्टिक अन्न बाजारात विकत मिळणार नाही.

संत्र्याच्या बगीच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सौंसर-पांढुर्ण्याकडे पुष्कळांचे शेत म्हणजे बगीचाच असतो. कोंबड्या जमिनीतले फळमाशीचे कोष टिपतात, तण कमी ठेवतात, आणि त्यांची विष्ठा खताला उपयोगी पडते. परंतु संत्र्याची अन्न घेणारी मुळे वरवरच असतात. आळ्यात ओल आणि पालापाचोळा असला की कोंबड्या तेथेच उकरतात व मुळे उघडी पाडतात. बुंध्याभोवती दगड किंवा बोरीच्या काट्या रचून ठेवाव्या. कोळशीवर किंवा सिट्रस सायलावर फवारणी केली असेल, तर कोंबड्या कोंडून ठेवल्याच पाहिजेत. औषधाने मेलेले किडे त्यांना आयते सापडतात आणि तेच विष त्यांच्या पोटात, पुढे आपल्या अंड्यात येते. औषधाच्या बाटलीवरील मुदत वाचून तितके दिवस त्यांना दुसरीकडे फिरवावे. ज्याला हे जमणार नसेल, त्याने बगीच्यात कोंबड्या सोडू नयेत, हे मी स्पष्टच सांगतो.

शेवटची गोष्ट मानमोडीची. काटक कोंबडीला रोग होत नाही, हा समज खोटा आहे. मानमोडी, जिला पुस्तकात रानीखेत म्हणतात, ती गावरानाला सोडीत नाही, कडकनाथालाही सोडीत नाही. हिरवी हगवण लागते, मान वाकडी होते, आणि आठवड्यात अंगण रिकामे होते. जातीची निवड, धाग्यांचे हिशेब, सारे त्या आठवड्यात धुऊन जाते. यावर औषध नाही, लस आहे. पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकावयाचा, चौथ्या आठवड्यात तो पुन्हा द्यावयाचा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून घ्यावयाची. अडचण पैशाची नसते, कुपीची असते. कुपीत निदान शंभर मात्रा, आणि आपली पाखरे बारा. एकदा फोडलेली कुपी दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर ती बर्फात राहिली पाहिजे. म्हणून आठ-दहा घरांनी एक दिवस ठरवावा. एकाने सौंसरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून थर्मासात बर्फ घालून लस आणावी. वेळ संध्याकाळची धरावी, कारण तेव्हा पाखरे आपण होऊन खुराड्यात येतात आणि त्यांच्यामागे धावावे लागत नाही. कंदिलाच्या किंवा विजेरीच्या उजेडात एकीने पाखरू धरावे, दुसरीने थेंब टाकावा. शंभर पाखरांचे काम तासाभरात आटोपते. पुढची तारीख त्याच वेळी ठरवून भिंतीवरच्या त्या कोळशाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावी.